गरिबाचे पत्र कोणाच्या दप्तरात?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील खाजगी पत्रांविषयी मराठी वाचकाला विशेष जिव्हाळा आहे. थोर पुरुषांचे पत्रसंग्रह निघतात, त्यांवर परिसंवाद होतात, आणि पत्रलेखनाची कला लोप पावली म्हणून वक्ते हळहळतात. ही हळहळ खोटी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. ती वार्ता कळल्यावर त्यांनी घरच्या माणसांना जे लिहिले त्यात करारी राजकारणी पुरुषामागचा कुटुंबवत्सल माणूस दिसतो. रोझा लक्झेंबर्ग यांनी महायुद्धाच्या काळात तुरुंगातून सोफी लीबक्नेख्त या मैत्रिणीला लिहिलेली पत्रे १९२० मध्ये, म्हणजे त्यांच्या हत्येच्या पुढच्याच वर्षी, पुस्तकरूपाने निघाली. आणि ज्यांना त्यांचे अर्थशास्त्र दुर्बोध वाटले त्यांनाही ती पत्रे आपलीशी वाटली. अशा पत्रांनी चळवळीला मोठे धन दिले आहे.

परंतु ज्या वर्षांत ही पत्रे लिहिली जात होती त्याच वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत लाखाच्या वर माणसे राबत होती. त्यांचीही आईबापे होती, बायका होत्या, गावाकडे राहिलेले मित्र होते. त्यांनीही पत्रे पाठविली. ती कोठे आहेत, हा प्रश्न परिसंवादांत निघत नाही. तो आता निघाला पाहिजे, कारण गिरणगावातील जुन्या चाळी एकामागून एक पडत आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. नव्या घरात जाताना माणसे जुना संसार आवरतात. आणि आवरताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतील पिवळे पडलेले कागद प्रथम रद्दीत जातात.

पैशाचे कार्ड, उसनी लेखणी

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. १९२२ मध्ये ती दुप्पट होईपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे हाच दर कायम होता. मजुराला परवडेल अशी ही किंमत होती हे मान्य केले पाहिजे. टपालखात्याने १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू केली, आणि मुंबईच्या चाकरमान्याचे गावाशी असलेले नाते या दोन कागदांवर तोलले गेले. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे दोन लाखांहून अधिक होती. त्यांच्यामागे गावात राहिलेल्यांच्या डोळ्यांपुढे महिन्याची मनिऑर्डर असे. मनिऑर्डरच्या फॉर्मला चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरता एक तुकडा जोडलेला असे. पैसे देताना टपालवाला तो फाडून घरच्यांच्या हाती ठेवी. असंख्य संसारांचा पत्रव्यवहार त्या चतकोर कागदावरच झाला.

कार्ड स्वस्त होते, परंतु अक्षर महाग होते. १९११ च्या शिरगणतीप्रमाणे हिंदुस्थानात शंभरांत सहाच माणसे साक्षर होती. पुरुषांत शंभरी सुमारे दहा आणि स्त्रियांत जेमतेम एक. याचा अर्थ असा की बहुसंख्य माणसांच्या हातून पत्र लिहिले जात नव्हते, ते सांगितले जात होते. खोलीतला एखादा शिकलेला सोबती, खानावळीत जेवणारा कारकून किंवा पोस्टाच्या दाराशी बसून मोबदल्यावर पत्रे लिहून देणारा लेखक, यांच्यापुढे उकिडवे बसून कामगाराने आपले मन मोकळे करावयाचे. पलीकडच्या टोकाला गावचा शाळामास्तर, आणि पुष्कळदा तोच गावचा पोस्टमास्तरही, ते पत्र मोठ्याने वाचून दाखवी. ओसरीवर सासरा असे, दीर असे, शेजारी असत. जिच्यासाठी पत्रातले एखादे वाक्य असे ती दाराआड उभी राहून ऐके.

अशा पत्रात नवऱ्याने बायकोला काय लिहावे? रीतीप्रमाणे पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे जाई. तीर्थरूपांस साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी, पाऊसपाणी कसे आहे, गाय व्याली की नाही, सावकाराचे किती फिटले; आणि शेवटी घरातील सर्व लहानथोरांस यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद. बायको त्या 'लहानथोरां'त आली. तिचे नाव घेण्याची सोय नव्हती. तिला उलट काही कळवावयाचे असेल तर तेही कोणाला तरी सांगूनच लिहवून घ्यावयाचे. आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार काशीबाई कानिटकरांना आनंदीबाईंचे चरित्र लिहिताना उपयोगी पडला, तो दोघांनाही अक्षरओळख होती म्हणून. गिरणीत साचे चालविणाऱ्याच्या घरी ते सुख नव्हते. पत्राच्या खाजगीपणाची चर्चा करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे की निरक्षराचे पत्र जन्मतःच चारचौघांत वावरणारे होते. तो खाजगीपणा त्याच्यापासून प्रथम हिरावला तो शिक्षण नाकारणाऱ्या समाजव्यवस्थेने. सरकारची पाळी त्यानंतर आली.

शिपायांची पत्रे आणि सरकारचा डोळा

सरकारची पाळी आली ती १९१४ च्या महायुद्धात. त्या वर्षाच्या शरद ऋतूत हिंदी पलटणी फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार हिंदी माणसे, त्यांत लढणारे शिपाई आणि मजूर असे दोन्ही, त्या भूमीवर जाऊन आली. त्यांतील बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती. घरापासून हजारो कोसांवर, चिखलाने भरलेल्या खंदकांत, अनोळखी थंडीत त्यांना घरची आठवण येई. १९१५ च्या मार्चपर्यंत फ्रान्समधील हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे पाठवू लागले होते. स्वतः लिहिता येणारे थोडे. बाकीच्यांची पत्रे पलटणीतला लिहिता येणारा सोबती किंवा इस्पितळातला शेजारी लिहून देई.

हिंदी सैनिकांपर्यंत गदर चळवळीचे साहित्य पोहोचत आहे असा सरकारला संशय आला, आणि फ्रान्समधील बुलोन येथे हिंदी टपालाच्या तपासणीसाठी स्वतंत्र कचेरी उघडण्यात आली. ई. बी. हॉवेल नावाचा हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतला अधिकारी तिचा प्रमुख होता. पत्रे उघडली जात, निवडक पत्रांचा इंग्रजी तर्जुमा होई, आणि दर आठवड्याला त्यांचा अहवाल वरिष्ठांकडे जाई. शिपायांचे मन कोठे झुकते आहे हे जाणून घेण्याचे ते साधन होते. हे अहवाल पुढे लंडनमध्ये जतन झाले आणि आज ते तेथील ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतून निवड करून १९९९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा साध्या हिंदी शिपायाचा त्या युद्धातील आवाज प्रथमच मोठ्या प्रमाणावर जगाच्या कानी पडला.

त्या पत्रांत काय नाही? कोणी भावाला बजावतो की पलटणीत नाव नोंदवू नकोस. कोणी फ्रान्समधील म्हाताऱ्या घरमालकिणीविषयी लिहितो की तिने पोटच्या मुलासारखे जपले. तेथील शेतकऱ्यांच्या बायका हिशेब ठेवतात, वर्तमानपत्र वाचतात, हे पाहून कोणी घरी कळवितो की मुलांप्रमाणे मुलींनाही शाळेत घाला. पत्रे उघडली जातात हे शिपायांना ठाऊक होते. म्हणून ते कोड्यात लिहीत. एकाने हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्या सोजिरांना लाल मिरची म्हटले, आणि काळी मिरी संपत आल्याची बातमी मसाल्याच्या हिशेबासारखी कळविली. तपासनिसाने ते कोडे सोडविले. म्हणून तर ते आज वाचावयास मिळते.

या दप्तराचे मोल नाकारता येत नाही, परंतु त्यातली शोकांतिका अभ्यासकांच्या कौतुकात झाकली जाऊ नये. उरले आहेत ते इंग्रजी तर्जुमे. ज्या पंजाबीत, उर्दूत, पश्तूत किंवा मराठीत ती पत्रे सांगितली गेली ते मूळ शब्द बहुतांशी नाहीसे झाले. मूळ पत्र घरी पोहोचले असेल तर ते घरच्या धुरात, उंदीर-वाळवीत गेले. अडविले गेले असेल तर कधी पोहोचलेच नाही. शेतकऱ्याच्या मुलाने आईला काय सांगितले हे जाणण्यासाठी आज त्याच्यावर संशय घेणाऱ्याच्या भाषेत, संशय घेणाऱ्याने निवडलेल्या ओळी वाचाव्या लागतात. जे राजनिष्ठ नव्हते, अगर फारच राजनिष्ठ होते, तेवढेच तपासनिसाला नोंदविण्याजोगे वाटले. ज्यात नुसते दूध-दुभते आणि पोरांची आठवण होती अशी हजारो पत्रे त्याच्या टेबलावरून न नोंदविता पुढे गेली.

दगडावरचा आकडा

महाराष्ट्राची स्थिती याहूनही वाईट आहे. फ्रान्समधील त्या अहवालांत पंजाब आणि सरहद्दीकडील शिपायांचा भरणा आहे; मराठी पत्रांचा वाटा अल्प. वस्तुतः खडकीच्या सॅपर्स-मायनर्स पलटणीच्या तुकड्या १९१४ च्या ऑक्टोबरातच फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेल येथे लढल्या आणि तेथे त्यांची मोठी हानी झाली. परंतु मराठी शिपाई मोठ्या संख्येने गेला तो मेसोपोटेमियात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कूत येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेने शरणागती पत्करली. पुढे कैदेतल्या पायपिटीत आणि रेल्वेमार्गाच्या मजुरीत असंख्य शिपाई दगावले. त्या महिन्यांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतील किती ओसऱ्यांवर टपालवाल्याची वाट पाहिली गेली असेल!

त्या प्रतीक्षेची खूण म्हणून त्या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत एक दगडी पाटी दिसते. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यावर कोरलेले असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचा आकडा ४६ सांगितला जातो. अशा पाट्यांवर बहुधा नाव नसते. गेलेल्याने शेवटचे काय लिहिले होते आणि ते कोणी वाचून दाखविले, याची नोंद तर कोठेच नाही. अशुभ वार्तेचे पत्र घरात ठेवू नये अशी समजूत अनेक घरांत असल्यामुळे ज्या कागदाला सर्वांत अधिक जपावयास हवे होते तोच प्रथम फाडला गेला.

पोलंडचा धडा

हे अटळ होते असे कोणी म्हणेल तर त्याने पोलंडकडे पाहावे. पोलंडचे शेतकरीही परकीय सत्तेखाली, कर्जाखाली आणि निरक्षरतेखाली पिचलेले होते. तेही पोटासाठी हजारोंनी अमेरिकेच्या कारखान्यांकडे गेले. १९१८ ते १९२० या काळात विल्यम टॉमस हा अमेरिकन आणि फ्लोरियन झ्नानियेत्स्की हा पोलिश समाजशास्त्रज्ञ यांनी या शेतकऱ्यांवर पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पाया ७६४ खाजगी पत्रे हा होता. टॉमसने अमेरिकेतील पोलिश वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, पत्रामागे काही सेंट मोजून, ती मजुरांच्या घरांतून मिळविली. ती पत्रे त्यांनी पन्नास कुटुंबांच्या मालिकांत लावली, आणि एका घराची घडण परदेशगमनाने कशी बदलत जाते हे घरच्यांच्याच शब्दांत दाखविले. या पत्रांचा आरंभही ठराविक नमनाने होतो, जसा मराठी पत्राचा साष्टांग नमस्काराने. त्या ग्रंथाने दाखविले की ते नमन निरर्थक नव्हते; दुरावलेल्या माणसाने आपण अजून या घराचेच आहो अशी दिलेली ती ग्वाही होती.

त्याच पोलंडचा दुसरा दाखला अधिक बोचरा आहे. १८९०-९१ मध्ये ब्राझील आणि अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांनी घरी पाठविलेली पत्रे झारशाहीच्या तपासनिसांनी अडवून ठेवली, कारण ती वाचून आणखी माणसे देश सोडतील अशी सरकारला भीती होती. त्या पत्रांत जहाजाची तिकिटे होती, बायकोला बोलावणी होती. ती कधीच पोहोचली नाहीत. सरकारी दप्तरात पडलेल्या त्या पत्रांपैकी बरीच दुसऱ्या महायुद्धात जळाली. त्याआधी उतरवून घेतलेली पत्रे इतिहासकार व्हितोल्ड कुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. बायकोला न मिळालेले पत्र ऐंशी वर्षांनी विद्वानाला मिळाले. गरिबाची पत्रे या दोन मार्गांनी टिकतात: त्याच्या घरी जाऊन कोणी सन्मानाने मागितली तर, किंवा सत्तेने वाटेत हिसकावली तर. पहिला मार्ग या देशात जवळजवळ कोणी चालूनच पाहिला नाही.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की कामगारांची पत्रे साचेबंद, त्यांत वाङ्मय नाही आणि विचारही नाही. हा आक्षेप घेणाऱ्याला इतिहास म्हणजे ठराव आणि भाषणे असे वाटत असते. १९२८ च्या संपात गिरणीकामगार सहा महिने टिकून राहिला. तो कशावर टिकला? गावाकडून आलेल्या तांदळावर, की 'आता परत या' म्हणणाऱ्या पत्रावर, की 'इकडची काळजी करू नका' म्हणणाऱ्या पत्रावर? संपाचा इतिहास पोलिसांच्या अहवालांतून आणि मालकसंघाच्या कागदांतून लिहिता येतो आणि तसा तो लिहिलाही जातो. परंतु त्या सहा महिन्यांत मनिऑर्डरीचा ओघ थांबल्यावर घरोघरी काय बोलणे झाले, हे त्या चतकोर कागदांखेरीज कोण सांगणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाजगी पत्र खाजगीच राहू द्यावे. मेलेल्या माणसाची संमती कोणी घेतली? हा आक्षेप मानाने ऐकला पाहिजे. बुलोनच्या कचेरीने पत्र उघडले ते शिपायाला न विचारता, त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी. नातवाने आजोबांचे पत्र स्वखुशीने पुढे करणे ही वेगळी गोष्ट आहे, तरीही तिला मर्यादा हव्यात. ज्या घराला पत्र द्यावयाचे नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. नाव झाकावयास सांगितले तर झाकावे. मूळ कागद घरीच राहावा, प्रत तेवढी घ्यावी. संग्रहाचा मोह धरून या मर्यादा मोडणाऱ्याने तपासनिसाला नावे ठेवू नयेत.

कार्यकर्त्यांचे काम

हे काम विद्यापीठांची वाट पाहत ठेवण्याजोगे नाही, कारण ट्रंका वाट पाहत नाहीत. कार्यकर्ते तसेही वस्तीत जातात; रेशनच्या, घराच्या, थकबाकीच्या कामासाठी त्यांना घरोघर प्रवेश असतो. चाळीचे घर रिकामे करणाऱ्या कुटुंबाला त्यांनी जुन्या कागदांविषयी विचारावे. मिळालेल्या पत्राचे छायाचित्र आज कोणाही तरुणाच्या खिशातील फोनवर निघते. सोबत चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: पत्र कोणी सांगितले, कोणी लिहिले, कोणी वाचून दाखविले आणि ते कसे टिकले. शुद्धलेखन सुधारू नये. मालवणी, वऱ्हाडी किंवा घाटावरची बोली जशी उमटली असेल तशीच ठेवावी. पत्र नसेल तर मनिऑर्डरीचा तुकडा, तोही नसेल तर म्हातारीला आठवणारे एखादे वाक्य. मुंबईत राबणाऱ्या बापाचे पत्र लहानपणी ज्यांनी ओसरीवर ऐकले अशी नव्वदीची माणसे अजून कोकणात आहेत. ती फार दिवस असणार नाहीत.

या कामाचा वर्तमानाशी संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये. टपाल अडवून उघडण्याचा अधिकार परकीय सरकारने १८९८ च्या कायद्यात स्वतःकडे घेतला होता. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. आणीबाणीत स्थानबद्धांची घरी जाणारी पत्रे तुरुंगाधिकाऱ्याच्या नजरेखालूनच जात होती, हे त्या पिढीतील कार्यकर्ते विसरलेले नाहीत. १९८६ मध्ये संसदेने हा अधिकार वाढविणारे विधेयक संमत केले तेव्हा देशभर टीका झाली आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगी जीवन हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तरीही जुन्याच्या जागी आलेल्या आणि जून २०२४ पासून अमलात असलेल्या २०२३ च्या टपाल कायद्यात राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा व्यापक कारणांसाठी टपाल अडविण्याचा व उघडण्याचा अधिकार कायम आहे. ही तरतूद संसदेत फारशा गाजावाजाविना संमत झाली. आता पत्रे लिहितो कोण, असे म्हणून पुष्कळांनी तिकडे दुर्लक्ष केले. परंतु ज्या सरकारला कागदाचे पाकीट उघडण्यात संकोच वाटत नाही त्याला फोनवरील निरोप वाचण्यात तो का वाटावा?

म्हणून जुनी पत्रे गोळा करण्याचे काम आणि पत्र उघडण्याच्या अधिकाराला विरोध करण्याचे काम, ही दोन्ही एकाच ठिकाणाहून सुरू व्हावयास हवीत. आपले बोलणे कोणी ऐकावे, कोणी जपावे आणि कोणी ऐकू नये, हे ठरविण्याचा हक्क बोलणाऱ्याचा आहे. शंभर वर्षांपूर्वी उसन्या लेखणीने घरी खुशाली कळविणाऱ्या मजुराला तो मिळाला नाही. त्याच्या नातवंडांना तो मिळावा यासाठी शाखांनी येत्या वर्षाच्या कार्यक्रमात या दोन्ही कामांचा समावेश करावा, आणि आरंभ पाडावयाच्या चाळीपासून करावा.